चार दिवस, दोन डिस्क आणि एक रिकामं प्रेक्षागृह

छोट्या महोत्सवाला सिनेमा घेऊन जाणं हा खरं तर एका हार्ड डिस्कचा प्रवास असतो. माणसं तिच्या सोबतीला जातात. सिनेमा संकलनाच्या टेबलावर पूर्ण झाला, असं आपण म्हणतो, पण तो पूर्ण होतो तो तिसऱ्याच कुणाच्या तरी पडद्यावर, अनोळखी स्पीकरमधून. म्हणून या चार दिवसांत सगळ्यात मोलाचा वेळ आपल्या खेळाचा नसतो. खेळाआधी रिकाम्या प्रेक्षागृहात मिळणारी दहा-पंधरा मिनिटं त्याहून मोलाची असतात.

आदला दिवस: बांधाबांध

बॅग भरायला घ्यायची ती डिस्कपासून. डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज, म्हणजे सिनेमागृहात चालवायची प्रत) ही एक फाइल नसून एक फोल्डर असतो. त्यात चित्र आणि आवाज यांच्या वेगवेगळ्या एमएक्सएफ फाइल, त्या कोणत्या क्रमाने चालवायच्या ते सांगणारी सीपीएल, सगळ्यांची तपासयादी असलेली पीकेएल आणि कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारा असेटमॅप असतो. ‘नीट दिसावं’ म्हणून यातल्या एकाही फाइलचं नाव हाताने बदलायचं नाही. बदललं की असेटमॅपला ती सापडत नाही आणि सर्व्हर, म्हणजे सिनेमागृहात सिनेमा चालवणारा संगणक, अख्खा फोल्डर नाकारतो.

चित्रासाठी मानकाने ठरवलेली कमाल गती सेकंदाला २५० मेगाबिट आहे. त्या गतीने २० मिनिटांचा लघुपट ३७.५ जीबी होतो, १०० मेगाबिटने १५ जीबी. पाऊस, हलणारी पानं, दाणेदार रात्र असं काही नसेल तर मधली गती घेतली तरी डोळ्याला फरक कळत नाही, आणि कॉपी करणाऱ्याचा वेळ वाचतो. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर हे काम घरच्या संगणकावर होतं. रात्रभर चालतं, पण होतं.

डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ पद्धतीने फॉरमॅट केलेली, विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची, आयनोड (फाइलच्या नोंदीचा कप्पा) १२८ बाइटचा. जुन्या सर्व्हरना याखेरीज दुसरं काही आवडत नाही. बरेच सर्व्हर एनटीएफएस वाचतात, पण मॅकची स्वतःची फॉरमॅट केलेली डिस्क घेऊन गेलात तर ती प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये वीट म्हणून वापरता येईल. फोल्डर डिस्कच्या मुळाशी ठेवायचा. ‘महोत्सव’ नावाच्या फोल्डरात ‘फायनल’ नावाचा फोल्डर आणि त्याच्या पोटात डीसीपी, असा संसार मांडला की काही सर्व्हर आत डोकावतच नाहीत.

नावाचंही तसंच. सर्व्हरच्या यादीत नावाची सुरुवातच दिसते. तिथे आधी सिनेमाचं नाव हवं, मग लघुपट की पूर्ण लांबीचा, चौकट फ्लॅट (कमी रुंद) की स्कोप (जास्त रुंद), भाषा, उपशीर्षकं, आवाज ५.१ (सहा मार्गांचा) की स्टिरिओ. दुरुस्ती करून डीसीपी पुन्हा बनवला असेल तर नावात आवृत्तीचा आकडा घालायचा. सारख्या नावाचे दोन सिनेमे सर्व्हरवर असले की हमखास जुना लागतो.

फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८०, स्कोप म्हणजे २०४८ बाय ८५८. आपलं चित्र नेहमीच्या १९२० बाय १०८० मध्ये असेल तर ते फ्लॅटच्या चौकटीत बसवायचं. दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी राहते. ती राहू द्यायची. पट्टी घालवण्यासाठी चित्र ताणलं तर वरखाली कापलं जातं, आणि पहिला बळी बहुधा खालच्या ओळीतल्या उपशीर्षकांचा असतो.

उपशीर्षकं देवनागरीत असतील तर ती चित्रातच छापून टाकावीत. वेगळ्या मजकूर-फाइलमधून ती सर्व्हरकडे सोपवली, तर अक्षरं जुळवण्याचं काम त्याला करावं लागतं, आणि अनेक सर्व्हरना जोडाक्षरं येत नाहीत. वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते, रफार हवेत तरंगतो. वाचणारा हसतो, तेही प्रसंग गंभीर असताना.

दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या बॅगेत. तिसरी म्हणजे साधी एमपी४ फाइल, पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, हे ऐन वेळी कळतं. सोबत डिस्कची वायर, तिचा स्वतःचा वीजपुरवठा, आणि एक कागद. त्यावर सिनेमाचं नाव, सेकंदांसह लांबी, फ्लॅट की स्कोप, आवाजाची मांडणी, श्रेयनामावली कोणत्या मिनिटाला सुरू होते, आणि आपला फोन. हा कागद पुढचे चार दिवस खिशात लागतो.

पहिला दिवस: पोहोचणं

डिस्क हातातल्या बॅगेत. तपासणीच्या क्ष-किरणांनी तिला काही होत नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कला भीती असते ती आपटण्याची. थंड डब्यातून दमट हवेत उतरलात तर डिस्क लगेच जोडू नका. तासभर बंद पिशवीत राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

स्वागतकक्षात पास मिळतो, वेळापत्रक मिळतं, फोटोसाठी फलक उभा असतो. हे सगळं घ्यायचं, पण तिथे रेंगाळायचं नाही. विचारायचं ते प्रती सांभाळणाऱ्या माणसाला. मोठ्या महोत्सवात त्याला ‘प्रिंट ट्रॅफिक’ म्हणतात, छोट्यात तो स्वयंसेवकांपैकी सगळ्यात दमलेला दिसणारा असतो. त्याच्यामार्फत केबिन गाठायची आणि प्रोजेक्शनिस्टला भेटायचं. त्याच्यासमोर चाळीस सिनेमे असतात, त्यातला आपला एक. तो तसा एक राहू नये म्हणून कागदाची एक प्रत त्याला द्यायची.

डिस्कवरचा सिनेमा सर्व्हरवर उतरवणं म्हणजे इन्जेस्ट. जुन्या यूएसबी २ जोडणीवर सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ३७.५ जीबीला साधारण २१ मिनिटं. त्यानंतर प्रत्येक फाइलची तपास-बेरीज पीकेएलच्या यादीशी पडताळली जाते. इथे अडलं तर कारणं ठरलेली असतात. डिस्कला सर्व्हरच्या पोर्टमधून पुरती वीज मिळत नाही. ती टकटक आवाज करते आणि नाहीशी होते. मग आपला स्वतंत्र वीजपुरवठा कामी येतो. किंवा विभागणी एमबीआरऐवजी नव्या जीपीटी पद्धतीची आहे. किंवा कॉपी करताना वायर हलली आणि एका फाइलचे शेवटचे काही बाइट गेलेले आहेत. अशा वेळी डिस्क दुरुस्त करत बसायचं नाही, सरळ दुसरी डिस्क काढायची.

सिनेमा कुलूपबंद केला असेल तर केडीएम लागतो. ही किल्ली एका विशिष्ट सर्व्हरसाठी, ठरावीक वेळेपुरती असते. स्थानिक महोत्सवात प्रेक्षागृह ऐन वेळी बदलतं. सकाळचा खेळ संध्याकाळी जातो, छोट्या पडद्यावरचा मोठ्या पडद्यावर. किल्ली त्या खोलीला लागत नाही, आणि नवी काढणारा माणूस तेव्हा झोपलेला असतो. वेळेची मर्यादा जागतिक वेळेत लिहिलेली असते, तिथेही काही तासांची गफलत होते. लघुपट असेल तर कुलूप लावूच नये, असं आमचं मत. चोरीला जाण्याइतका तो प्रसिद्ध झाला तर आनंदच.

संध्याकाळी उद्घाटन. भाषणं लांबतात. त्या वेळात उद्याच्या तपासणीची वेळ पक्की करून घ्यावी.

दुसरा दिवस: तपासणी

तपासणी बहुतेक ठिकाणी सकाळी, पहिल्या खेळाच्या आधी असते. प्रत्येकाला दहा ते पंधरा मिनिटं. संपूर्ण सिनेमा बघायचा हट्ट धरणारा दिग्दर्शक त्याच्या मागच्या तिघांची वेळ खातो, आणि हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. बघायच्या जागा आधीच वेळेनिशी लिहून न्याव्यात: पहिला मिनिट, सगळ्यात काळोखा शॉट, सगळ्यात मोठा आवाज, सगळ्यात हळू संवाद, उजळ पार्श्वभूमीवरचं एक उपशीर्षक, आणि शेवटची दहा सेकंदं.

आधी चौकट. स्कोप सिनेमा फ्लॅटच्या सेटिंगवर लागला तर कडा कापल्या जातात किंवा पडद्याच्या काळ्या कापडावर सांडतात. लघुपटांच्या एकाच खेळात दोन्ही प्रकार असतात. प्रत्येक सिनेमामागे सर्व्हरला ‘आता लेन्स बदल’ हा हुकूम लिहून ठेवावा लागतो, आणि तो एखाद्याच्या बाबतीत राहतोच. म्हणून नुसता आपलाच सिनेमा लावून बघणं पुरेसं नाही. आपल्या आधीच्या सिनेमाची शेवटची काही सेकंदं आणि तिथून आपली सुरुवात, असा सांधा बघायला मिळाला तर मागून घ्यावा. सिनेमाच्या डोक्यावर दोन-तीन सेकंद काळं आणि निःशब्द ठेवायचं, ते याच सांध्यासाठी. सेटिंग बदलताना पहिला सेकंद गिळला जाऊ शकतो. तिथे संवाद असला तर तो गेला.

मग अंधार. सिनेमागृहाच्या पडद्यावर पांढऱ्याची उजळता ४८ निट, जुन्या मापात १४ फूट-लॅम्बर्ट, इतकी असावी असं मानक सांगतं. घरचा मॉनिटर १०० निट किंवा त्याहून बराच वर असतो. रात्री खोलीत दिवा लावून रंग दुरुस्त केलेला सिनेमा इथे चिखलासारखा दिसतो. त्यातून दिवा जुना झालेला असेल तर १४ चे १० झालेले असतात. तपासणीच्या दिवशी यावर फारसं काही करता येत नाही. पुढच्या वेळी रंगदुरुस्ती अंधाऱ्या खोलीत करायची, एवढं लिहून घेता येतं. मात्र रंगच विचित्र दिसत असतील, चेहरे ओळखीचे वाटत नसतील, तर डीसीपी बनवताना रंगांचं रूपांतर दोनदा झालंय किंवा झालेलंच नाही. हे सकाळी कळलं तर संध्याकाळपर्यंत नवा डीसीपी होऊ शकतो. मूळ मास्टर लॅपटॉपवर सोबत ठेवायचा तो एवढ्यासाठी.

सिनेमा सेकंदाला २५ चौकटींचा असेल तर त्याचा डीसीपी जुन्या इंटरॉप पद्धतीने नव्हे, नव्या एसएमपीटीई पद्धतीनेच बांधलेला हवा, आणि तरी एखादा म्हातारा सर्व्हर अडतो. २४ वर उतरवला तर २० मिनिटांचा सिनेमा २० मिनिटं ५० सेकंदांचा होतो आणि आवाज अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी खाली येतो. गाणं असेल तर कानाला लगेच कळतं. म्हणून शूटिंगच्या पहिल्या दिवशीच २४ निवडणारे सुखी.

सगळ्यात जास्त वेळ आवाजाला द्यायचा. केबिनमध्ये आवाजाच्या यंत्रावर ० ते १० चा आकडा असतो, त्याला फेडर म्हणतात. आवाजाचं मिश्रण करणाऱ्यांचं जग ७ वर चालतं. तिथे पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून ठरलेला चाचणी-आवाज ८५ डेसिबल येतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रेक्षागृहं पाचाच्या आसपास चालतात, कारण जाहिराती कर्कश असतात आणि लोक तक्रार करतात. ४ च्या वर एका आकड्याचा फरक म्हणजे ३.३ डेसिबल; ७ वरून ५.५ वर आलं की ५ डेसिबल गेले, आणि कुजबुजीचा प्रसंग मूकपट झाला. हेडफोनवर मिश्रण केलेल्या सिनेमांत हे हमखास होतं. हेडफोनवर जे श्वास ऐकू येतात ते वातानुकूलन यंत्राच्या घरघरीत बुडून जातात.

बसायचं ते मागून एक तृतीयांश अंतरावर, रांगेच्या मध्यावर. तिथे हळू संवाद स्पष्ट ऐकू येईपर्यंत फेडर वर न्यायचा, मग सगळ्यात मोठा आवाज लावून कान दुखत नाहीत ना ते बघायचं. दोन्ही जमलं तो आकडा कागदावर लिहून प्रोजेक्शनिस्टला द्यायचा. प्रेक्षागृह भरलं की माणसांचे कपडे आवाज पितात. अर्धा आकडा वर ठेवायला हरकत नाही, पण हे त्याला आधीच सांगायचं, खेळ चालू असताना केबिनकडे धावायचं नाही.

मग उठून अगदी डाव्या टोकाच्या खुर्चीत बसायचं. डीसीपीत स्टिरिओचे दोनच मार्ग (चॅनेल) असतील तर मधला स्पीकर मुका राहतो. मध्यावर बसलेल्याला संवाद चेहऱ्यातून येतात, टोकाच्याला भिंतीतून. ५.१ करून संवाद मधल्या मार्गावर टाकणं हा त्यावर उपाय. ५.१ केलं असेल तर मार्गांचा क्रम बघायचा. सर्व्हरला हवा तो क्रम असा: डावा, उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा. काही मिश्रणशाळा डावा, मधला, उजवा, मागचे दोन, शेवटी सबवूफर अशा क्रमाने फाइल देतात. ती तशीच भरली की संवाद उजव्या स्पीकरमधून येतात, उजवीकडचं संगीत मधून, आणि मेघगर्जना मागच्या उजव्या कोपऱ्यातून. हे दोष घरी दोन स्पीकरवर कधीच सापडत नाहीत.

आवाज ओठांच्या किंचित मागे वाटला तर घाबरण्याआधी जागा बदलून बघावी. ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो. २४ च्या गतीने एका चौकटीचा काळ होतो तोवर तो १४ मीटर पुढे सरकलेला असतो. मागच्या रांगेत एक चौकट उशीर हा भौतिकशास्त्राचा दोष, संकलकाचा नव्हे.

शेवटी दिवे. श्रेयनामावली सुरू होताच दिवे लावायची सवय असते. नावांनंतर एखादा शॉट ठेवला असेल तर तो दिव्यांच्या उजेडात वाहून जातो. कागदावर लिहिलेलं असतं, तरी तोंडाने सांगावं.

हे झालं खऱ्या सिनेमागृहाचं. महोत्सवाचं दुसरं ठिकाण बहुधा सभागृह असतं: लॅपटॉप, टेबलावर प्रोजेक्टर, ताणून बांधलेला पडदा. तिथे डीसीपीचा उपयोग नाही, पेनड्राइव्हवरची फाइल चालते. लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, हा त्याचा दर. २४ चा सिनेमा त्यावर एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवतो आणि सरकता कॅमेरा अडखळतो. जमल्यास दर २४ करावा. प्रोजेक्टरचा भडक मोड बदलून सिनेमाचा मोड लावावा. तिरकं चित्र सरळ करणारं बटण दाबण्यापेक्षा टेबल हलवावं, कारण ते बटण चित्र मऊ करतं. ३ मीटर रुंद पडद्यावर ४८ निट मिळवायला साधारण ७६० ल्युमेन प्रत्यक्ष पोहोचायला हवेत, तेही पूर्ण अंधारात. खोक्यावर ३००० लिहिलेलं असलं तरी सिनेमाच्या मोडमध्ये आणि जुन्या दिव्यावर त्यातले बरेच गळून जातात. खिडक्यांना काळं कापड लावणं हा सगळ्यात स्वस्त प्रोजेक्टर.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या खाचेतून थेट मिक्सरला वायर जोडली की गुणगुण ऐकू येते. चार्जर काढला आणि गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा. मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे हा फेरा तोडणारा छोटा डबा, टाकावा. ब्लूटूथ स्पीकर कुणी पुढे केला तर नम्रपणे नाही म्हणावं, त्याचा उशीर स्पष्ट दिसतो. सूचना, झोप, स्वयंचलित अद्ययावतीकरण बंद. लघुपटाच्या शेवटच्या शॉटवर कुणाचा तरी संदेश उघडणं हा या प्रकारच्या सभागृहांचा स्थायीभाव आहे.

तिसरा दिवस: खेळ

सकाळी एकदाच केबिनमध्ये डोकावून आकडा तोच आहे ना ते विचारायचं. मग नाही.

सिनेमाआधीचं मनोगत एका मिनिटाचं. त्यात कथा सांगायची नाही आणि पैशाअभावी काय राहून गेलं तेही नाही. तसं सांगितलं की लोक तेच शोधत बसतात. स्वतः बसायचं मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत. आपण पडदा बघायचा नाही, डोकी बघायची. पडद्यावरचं आपल्याला पाठ असतं. कोणत्या मिनिटाला फोन उजळतात, कुठे खुर्च्या करकरतात, कुठे हशा पुढच्या वाक्यावर चढतो आणि ते वाक्य कुणालाच ऐकू येत नाही, हे मिनिटांनिशी टिपून घ्यायचं. ओळखीच्या दहा जणांना घरी सिनेमा दाखवून हे कधी कळत नाही, ते सगळे आपल्याकडे बघत असतात. हशा चढतो तिथे आठ-दहा चौकटी वाढवल्या की वाक्य वाचतं. खुर्च्या करकरतात तिथे बहुधा त्याआधीचा प्रसंग लांबलेला असतो. करकरतो तो प्रसंग निरपराध असतो.

लघुपटांच्या खेळानंतर सात-आठ दिग्दर्शक रांगेत उभे राहतात आणि सगळ्यांना मिळून पंधरा मिनिटं असतात. म्हणजे एकेकाला दोन. प्रश्न माइकशिवाय आला असेल तर आधी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हणायचा. उत्तर एका ठोस तपशिलाचं द्यायचं: हा शॉट किती वेळा घेतला, तो आवाज कुठून आणला. ‘शेवटाचा अर्थ काय’ याला उत्तर दिलं तर सिनेमा तिथेच लहान होतो.

संध्याकाळी बाहेरच्या आवारात दुसऱ्या महोत्सवांचे निवडकर्ते भेटतात. त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी तोंडपाठ हव्यात. एक लांबी: अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या व्याख्येत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा तो लघुपट, पण ३५ मिनिटांचा लघुपट खेळात बसवताना निवडकर्त्याला तीन छोटे सिनेमे बाहेर ठेवावे लागतात, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. दुसरी, सिनेमा आधी कुठे दाखवला आहे. मोठ्या स्पर्धांना पूर्ण लांबीच्या सिनेमाचा पहिला खेळ आपल्याकडे हवा असतो, आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केलेला सिनेमा अनेक ठिकाणी बाद ठरतो. म्हणून स्थानिक महोत्सवाला होकार देण्याआधीच क्रम ठरवायला हवा. लघुपटांना या अटी बऱ्याच सैल असतात.

याचा अर्थ छोट्या महोत्सवाला शिळं द्यावं असा नाही. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँचा महोत्सव १९७९ मध्ये विद्यार्थ्यांनी भरवलेला लघुपटांचा आठवडा होता, स्पर्धा १९८२ पासून. आज लघुपटांच्या जगात त्याच्या तोडीचं नाव क्वचित निघतं. अमेरिकेतला स्लॅमडान्स १९९५ मध्ये सुरू केला तो सनडान्स या मोठ्या महोत्सवाने नाकारलेल्या चित्रपटकर्त्यांनी. कोणता महोत्सव उद्या कुठे पोहोचेल, ते आज पासवर छापलेलं नसतं.

चौथा दिवस: परतीचं

पारितोषिक समारंभ संध्याकाळी असतो, केबिन त्याआधीच आवरायला लागते. डिस्क सकाळीच मागून घ्यायची. नंतर ती एका खोक्यात इतर चाळीस काळ्या डिस्कांसोबत जाते, आणि कोणती कुणाची हे फक्त चिकटपट्टीवरून कळतं. ती उष्णतेने सुटते. नाव डिस्कवरच कोरणाऱ्या पेनाने लिहिलेलं बरं. सर्व्हरवरची प्रत पुसायला सांगायची आणि पुसताना तिथे उभं राहायचं. कुलूप न लावण्याची किंमत एवढीच.

प्रेक्षक-पसंतीच्या मतपत्रिका मोजल्या जातात तेव्हा अनेक ठिकाणी सरासरी काढतात. एकूण मतं नव्हे, म्हणून गाडी भरून मित्र आणले तरी गणित फार हलत नाही. निमंत्रणपत्र, छापील कार्यक्रमपत्रिका आणि खेळाची नोंद मात्र मागून घ्यायची. पुढच्या अर्जात ‘आधीचे खेळ’ या रकान्यात तारीख आणि प्रेक्षागृहाचं नाव विचारतात, आणि सहा महिन्यांनी ते कुणालाच आठवत नाही.

निघण्याआधी प्रोजेक्शनिस्टला भेटायचं आणि एकच विचारायचं: खेळ चालू असताना फेडरला हात लावला का? लावला असेल तर किती, आणि कोणत्या प्रसंगाला. तो आकडा कागदावर, सकाळच्या आकड्याशेजारी लिहायचा. मग कागद डिस्कच्या डब्यात, डबा हातातल्या बॅगेत.